कागदावरचा नांगर

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बसलो होतो. तासगावकडचा एक शेतकरी वहीचा कागद घेऊन आला. त्यावर पेन्सिलीनं ट्रॉली काढलेली: साठा म्हणजे नुसता चौकोन, आणि पुढचा हुक चाकाएवढा. मला हसू आलं. शेडमालकानं कागद आडवा-उभा धरून एवढंच विचारलं, ‘‘हुक सारखा मोडतोय काय, दादा?’’ खरंच मोडत होता. मला जी चूक दिसली, तीच त्याला तक्रार म्हणून दिसली.

वस्तूचं रेखाटन कोण कसं वाचतो, हा प्रश्न सांगलीच्या या मुलखात शंभर वर्षांहून जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ब्रश सुटला, रेघ मात्र राहिली. पुढे मुंबईतच ते यंत्रांचं ड्रॉइंग शिकवू लागले. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर घडवला, पण लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांना जागा दिली ती औंधच्या संस्थानिकांनी, आणि ते भवानराव पंतप्रतिनिधी स्वतःही चित्रकार. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, त्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी सांगलीत.

१९२० साली चित्रकार शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं. कारखान्याचा माल आता छापील पानावरून गिऱ्हाइकापर्यंत पोचू लागला. तरी नांगराच्या चित्रात इंजिनिअर फाळाचा बाक बघतो, तर शेतकरी बैल किती दमतील ते शोधतो. ते चित्रात सापडत नाही. त्यासाठी तास पाडूनच बघावं लागतं.

कारखान्याच्या आतही एका ड्रॉइंगचे वाचक अनेक. ओतीव लोखंड गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून कागदावर १०० मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी पॅटर्नवाला लाकडी नमुन्यात, म्हणजे पॅटर्नमध्ये, १०१ करतो. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना किंचित उतारही देतो, मग तो ड्रॉइंगमध्ये असो वा नसो. मोल्डर बघतो रस कुठून शिरेल आणि हवा कुठून निघेल. टर्नरची नजर थेट मापापुढच्या अधिक-उण्यावर जाते.

या वाचनात खोटही येते. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात: डावीकडून दिसणारी बाजू समोरच्या दृश्याच्या उजवीकडे काढायची. अमेरिकी पद्धतीत ती डावीकडेच असते. कोणती पद्धत आहे ते कोपऱ्यातल्या कापलेल्या शंकूच्या खुणेवरून कळतं. उमेदवारीच्या दिवसांत मी ती खूण न बघता ब्रॅकेट करून घेतले. सगळे नग डाव्याऐवजी उजवे निघाले. मापं एकूण एक बरोबर!

मिरजेत रेघ कागदावर थांबतच नाही. सतारमेकर भोपळ्याच्या गोलाईवरच पेन्सिलीनं पानाफुलांची नक्षी उमटवतो आणि कोरायला घेतो. पण त्या रेघेत ते पान कोरल्यावर किती उठेल, हे शेजारी बसून शिकलेल्यालाच दिसतं.

अभ्यासकांनाही असंच आढळलं आहे. मासाकी सुवा आणि बार्बरा ट्वेर्स्की यांनी आर्किटेक्ट आणि विद्यार्थी यांना स्वतःच्या स्केचेसबद्दल बोलतं केलं. १९९७ साली छापलेल्या त्या अभ्यासात मुरलेले आर्किटेक्ट आकारातून वापराच्या गोष्टी जास्त वाचताना दिसले. १९९६ च्या एका जर्मन अभ्यासात आर्किटेक्टांनी पहिल्या मसुद्यासाठी काटेकोर संगणकी चित्रापेक्षा हातानं काढल्यासारखं चित्र पसंत केलं. सफाईदार रेघ बघणाऱ्याला वाटतं, आता सगळं ठरलंय. कच्ची रेघ दिसली की तो सूचना करायला धजतो.

शेडमालकानं त्या वहीच्या कागदावर एकही माप टाकलं नाही. शेतकऱ्याला घेऊन तो बाहेर ट्रॉलीपाशी गेला आणि लोखंडावर खडूनं रेघ मारली. ‘‘इथं जाड पट्टी टाकतो.’’

शेतकऱ्यानं वाकून बघितलं आणि ती रेघ अंगठ्यानं पुसली. ‘‘इथं नको. जरा मागं घ्या, चीर तिथनं सुरू होती.’’