तापपिंडन : घनता व कणवाढ
१९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राचे इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या तापपिंडित वड्या. दाबलेले चूर्ण न वितळवता भाजले की छिद्रे मिटतात. पण कणही वाढतात. इंधनात मोठे कण विखंडनजन्य वायू धरून ठेवतात, म्हणून ते इष्टच. नॅनो-सिरॅमिकमध्ये मात्र कणवाढीने मूळ हेतूच हरपतो. आय-वेई चेन व शियाओ-हुई वांग यांनी २००० मध्ये द्विपदी तापपिंडन मांडले. पदार्थ प्रथम अधिक तापवून लगेच थोड्या कमी तापमानावर आणावयाचा व तेथे दीर्घकाळ ठेवावयाचा. तेथे कणसीमांतून अणूंचे विसरण चालू राहते, सीमा मात्र सरकत नाहीत. २४३९° से.ला वितळणारे यट्रियम ऑक्साइड अशा रीतीने, बाह्य दाबाविना, सुमारे १०००° से.लाच पूर्ण घन झाले. कण ६० नॅनोमीटरचे. अट एक, पण कठीण : पहिल्या पदातच पुरेशी घनता यावी, अन्यथा उरलेली छिद्रे पुढे मिटत नाहीत.