आखूड धावपट्टीचे इंजिन

नशिराबाद-कुसुंबा परिसरातल्या जळगाव विमानतळाचे उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजी झाले. ‘उडान’ योजनेखालची प्रवासी सेवा सुरू व्हायला मात्र डिसेंबर २०१७ उजाडला. एअर डेक्कनचे १९ आसनी बीचक्राफ्ट १९०० डी मुंबईहून आले. पुढे ट्रूजेटने आणि २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने एटीआर ७२ आणले. ही सगळी विमाने पंख्याची. मोठ्या शहरांना जेट आणि खानदेशाला पंखा, हा दुजाभाव वाटू शकतो. माझ्या मते या अंतराला आणि या धावपट्टीला हेच इंजिन योग्य आहे.

पंखा बाहेर दिसतो म्हणून हे जुने पिस्टन इंजिन ठरत नाही. आत जेटसारखीच टर्बाइन असते. एटीआरच्या पीडब्ल्यू १२७ इंजिनात तापलेल्या वायूतली बहुतेक ऊर्जा टर्बाइन काढून घेते आणि दंतचक्रांमार्फत पंख्याला देते. टर्बाइनच्या फेऱ्या मिनिटाला हजारोंनी, तर सहा पात्यांचा पंखा फिरतो १,२०० च्या आसपास. हा वेग उतरवावाच लागतो. पंख्याचा व्यास ३.९३ मीटर असल्याने एवढ्या फेऱ्यांतही पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २५० मीटर धावते, आणि त्यात विमानाचा पुढे जाण्याचा वेग मिळतो. टोक ध्वनीच्या वेगाजवळ पोचले की गोंगाट वाढतो, कार्यक्षमता ढासळते. म्हणून एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या घरात थांबते. पण या मर्यादेत पुष्कळ हवा थोड्या वेगाने मागे लोटणे हे थोडी हवा फार वेगाने लोटण्यापेक्षा कमी इंधनात होते.

‘जेट लवकर पोचेल’ हा आक्षेप लांबच्या प्रवासात खरा आहे. मुंबई-जळगाव मार्गावर जेट पुरेशी उंची गाठते न गाठते तोच उतरू लागते. वाचतात ती दहा-पंधरा मिनिटे. शिवाय जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची. पूर्ण भरलेल्या एटीआर ७२-६०० ला समुद्रसपाटीवर, साधारण हवामानात उड्डाणाला १,३०० मीटरहून थोडे जास्त लागतात. खानदेशातल्या वैशाखात हवा विरळ होते आणि हे अंतर वाढते, म्हणून उरलेली धावपट्टी फुकट गेली असे समजू नये.

सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्याजवळ एटीआर कोसळून ७२ जण गेले. चौकशीत निघाले ते असे, की फ्लॅपऐवजी पंख्यांचे दांडे ओढले गेले, पाती हवेला समांतर झाली आणि जोर संपला. दोष मानवी होता, तरी यंत्राची गुंतागुंत त्याला कारण झाली, हे नाकारता येत नाही. त्याचे उत्तर कठोर प्रशिक्षणात आहे.

आणि जळगावची सेवा वारंवार खंडित झाली, त्याचा ठपका इंजिनावर कसा ठेवायचा? मोजकीच विमाने असलेल्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले की अख्खे वेळापत्रक कोलमडते. धावपट्टी वाढवण्याच्या मागणीआधी राखीव विमान आणि जवळची दुरुस्ती-सोय मागायला हवी.