बोल्ट-ॲक्शन एअर रायफल: घ्यायची कशी, ट्यून करायची कशी आणि २० जूलची रेघ मोबाइलने कशी तपासायची?

यूट्यूबवर असे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. अमेरिकेतला कोणीतरी गवतात पालथा पडलाय, समोर जाड नळीची बोल्ट-ॲक्शन रायफल, आणि लांबवर एक कागदी टार्गेट. पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळजवळ. अशा रायफलीला तिकडे ‘वार्मिंट रायफल’ म्हणतात. वार्मिंट म्हणजे शेताची नासधूस करणारे छोटे प्राणी. लक्ष्य लहान आणि लांब, त्यामुळे रायफल स्वस्त असली तरी अचूक लागते. मग लोक घरीच तिचे स्क्रू, ट्रिगर, स्प्रिंग यांच्याशी खेळत बसतात.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला खारघरला. असे व्हिडिओ बघूनच मला हा नाद लागला. त्यात मी एक चूक केली, ती तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

आपल्याकडे नक्की काय घेता येतं?

बारूद वापरणारी कुठलीही रायफल, अगदी छोटी पॉइंट २२ सुद्धा, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. परवाना लागतो, वय २१ पूर्ण लागतं, कारण द्यावं लागतं, पोलीस चौकशी होते. आणि परवाना मिळाला म्हणजे प्राण्यांवर गोळी चालवायची मुभा मिळाली असं अजिबात नाही. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. सोसायटीतल्या कबुतरावर किंवा कुत्र्यावर एअरगनने नेम धरणं हाही गुन्हाच आहे. म्हणजे तिकडच्या रायफलीतला ‘वार्मिंट’ आपण इथेच सोडून द्यायचा. आपलं टार्गेट फक्त कागद.

उरते एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत (म्हणजे पॉइंट १७७) आणि नळीतून बाहेर पडताना छऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते द्या. बिल जपून ठेवा.

हा काही कमी दर्जाचा खेळ नाही. आपल्या पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. या प्रकारात टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो!

विकत घेताना

स्वस्त एअर रायफलचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला, स्प्रिंगवाली. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा भरायचा. स्वस्त आणि दणकट, पण आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि थांबतो, त्यामुळे रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. साधा स्कोप यात टिकत नाही. नेमही धरण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतो.

दुसरा, पीसीपी. यात टाकीत साधारण २०० बारपर्यंत हवा भरून ठेवतात. यातल्या बऱ्याच रायफली बोल्ट-ॲक्शन असतात: बोल्ट मागे ओढा, छर्रा ठेवा, बोल्ट पुढे ढकला, तो छर्रा नळीत नीट बसवतो. झटका जवळजवळ नाहीच. भारतीय बनावटीच्याही मिळतात. अंबरनाथची प्रिसिहोल हे आपल्या जवळचं उदाहरण.

पीसीपी घेताना बजेट तीन भागांत मोडा: रायफल, हातपंप आणि स्कोप. माझे सगळे मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले, आणि पंपाचा खर्च मी आधी धरलाच नव्हता. स्कोप असा घ्या की तो १० मीटरवर फोकस करता येईल. बरेच स्वस्त स्कोप लांबच्या अंतरासाठी सेट केलेले असतात. जवळच्या टार्गेटवर ते धूसर दिसतात आणि डोळा जरा हलला की नेमही हललेला दिसतो.

माझी चूक

रायफल घेऊन महिना झाला तरी दहा मीटरवर माझे दहा छर्रे दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या जागेत पसरायचे. एका व्हिडिओत सांगितलं होतं, हॅमर स्प्रिंग घट्ट करा, पॉवर वाढेल, ग्रुप सुधारेल. मी ॲलन की घेतली आणि स्क्रू फिरवत गेलो. आवाज दणदणीत झाला. ग्रुप आणखी बिघडला.

कारण साधं आहे. ट्रिगर दाबला की हॅमर व्हॉल्ववर आदळतो, व्हॉल्व क्षणभर उघडतो, हवा छऱ्याला ढकलते. हॅमर जास्त जोरात आदळला तर व्हॉल्व जास्त वेळ उघडा राहतो. हवा जास्त जाते, टाकीतला दाब भराभर उतरतो आणि शॉटागणिक वेग बदलतो. अचूकपणा वेगातून येत नाही, सारखेपणातून येतो. प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने सुटला पाहिजे.

पण ग्रुप बिघडणं ही खरी काळजीची गोष्ट नव्हतीच. रेंजवरच्या आमच्या सरांनी आवाज ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, “किती जूल झालेत, मोजलंस का रे?” मोजलं नव्हतं.

मोबाइलने वेग मोजा

वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, माझ्याकडे नव्हतं. पण मोबाइलचा माइक सेकंदाला साधारण ४८,००० वेळा आवाजाची नोंद घेतो. तेवढं पुरतं.

१. टेपने मोजून नळीच्या टोकापासून टार्गेटपर्यंत बरोबर १० मीटर अंतर ठेवा. टार्गेटमागे ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येईल असा धातूचा पेलेट-ट्रॅप हवा.

२. मोबाइल बरोबर मध्ये, ५ मीटरवर, लेनच्या बाहेर बाजूला ठेवा. मध्येच का? सुटल्याचा आणि लागल्याचा असे दोन्ही आवाज मोबाइलपर्यंत यायला सारखाच वेळ घेतात, त्यामुळे आवाजाचा वेग गणितातून उडून जातो.

३. रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये करा. आवाज ‘सुधारणारे’ पर्याय बंद ठेवा.

४. फाइल ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोन टोकदार उंचवटे दिसतील. त्यांच्यातलं अंतर म्हणजे छऱ्याचा प्रवासाचा वेळ.

माझा वेळ आला ०.०३५१ सेकंद. १० भागिले ०.०३५१ म्हणजे सेकंदाला २८५ मीटर. आता शाळेतलं सूत्र: ऊर्जा = अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग. माझा छर्रा ०.५४७ ग्रॅमचा, म्हणजे ०.०००५४७ किलो. उत्तर आलं २२.२ जूल.

पोटात गोळाच आला. शिवाय हा १० मीटरमधला सरासरी वेग. नळीच्या तोंडाशी तो याहून जास्तच असणार. म्हणजे कपाटातल्या ॲलन कीने मी बिनपरवान्याच्या खेळण्याचं परवाना लागणारं शस्त्र करून ठेवलं होतं, आणि ते पाठीवर अडकवून हार्बर लाइनने फिरत होतो.

तिथल्या तिथे स्क्रू मूळ जागी आणला आणि पुन्हा मोजलं: सेकंदाला २४५ मीटर, १६.४ जूल. ०.५४७ ग्रॅमच्या छऱ्याला २० जूलची रेघ सुमारे २७० मीटरवर येते. मोजण्यात थोडी चूक होऊ शकते, म्हणून रेघेपासून बरंच खाली राहा. कंपनीने सील केलेला स्क्रू असेल तर त्याला हात लावूच नका.

मग ट्यूनिंग म्हणजे काय?

कोडमधला बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तसंच. क्रम असा:

• स्क्रू: स्टॉकचे आणि स्कोपच्या माउंटचे. माझा मूळ बग इथेच होता, माउंटचा मागचा स्क्रू सैल! घट्ट करा, पण पिळवटू नका.

• नळी: आतून कापडाच्या तुकड्याने साफ करा. शिसं साचलं की ग्रुप फाटतो.

• छर्रे: तीन-चार प्रकारचे डबे घ्या, प्रत्येकाचे दहा-दहा शॉट एकाच बैठकीत मारा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. डोकं चपटं असलेले छर्रे १० मीटरला चांगले, गोल डोक्याचे त्याहून लांब.

• दाब: रेग्युलेटर नसेल तर टाकी भरून तीस शॉटचा वेग मोजा. बहुतेक वेळा वेग आधी थोडा वाढतो, मग काही काळ स्थिर राहतो, मग पडतो. तो स्थिर पट्टा ज्या दाबांमध्ये येतो तेवढ्यातच खेळा. एकही स्क्रू न फिरवता झालेलं हे ट्यूनिंग.

ग्रुप तपासताना तीन शॉटवर विश्वास ठेवू नका, नशीबही असू शकतं. दहा मारा, टार्गेटचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यांतलं अंतर मोजून तारखेसह जपून ठेवा.

वरच्या पातळीवरही हेच चालतं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं, ते ५० मीटरच्या पॉइंट २२ रायफल प्रकारात. त्या खेळातले नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासतात आणि आपल्या नळीला जमेल तोच लॉट घेतात.

शेवटचं. गच्चीवर, बाल्कनीत किंवा खाडीकाठी हे प्रयोग करू नका, रेंजवरच करा. डोळ्यांवर चष्मा हवाच. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे वडापाव खायच्या आधी हात साबणाने धुवा. आणि रायफल आधीच घेतली असेल, तर पुढच्या रविवारी सगळ्यात आधी माउंटचा मागचा स्क्रू बघा.