मेल्बाचा ट्रॉम्बोन

पोलीस बँडमध्ये पितळेची लांबलचक नळी पुढे-मागे सरकवणारा वादक तुम्ही पाहिला असेल. ते वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन. त्याला ना पडदे, ना चाव्या. नळीच्या सात जागा असतात, पण कुठेच खूण नाही. स्वर शोधायचा तो ओठ, कान आणि हाताच्या अंदाजाने. म्हणूनच पेटीवर न निघणारी मींड या वाद्यावर सहज निघते.

या वाद्याचा हट्ट धरला सात वर्षांच्या एका मुलीने. मेल्बा लिस्टन हे तिचं नाव. जन्म 1926चा, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. शेवटच्या जागांपर्यंत तिचा हातही पुरत नसे. आजोबांची थोडी मदत, बाकी शिक्षण स्वतःचं स्वतःच. तरी आठव्या वर्षी ती स्थानिक रेडिओवर एकटीने वाजवत होती!

1937मध्ये कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. सोळाव्या वर्षी ती थिएटरच्या वाद्यवृंदात लागली आणि पुढे जेराल्ड विल्सनच्या बँडमध्ये अरेंजिंग करू लागली. अरेंजर म्हणजे आपल्याकडचा संगीत संयोजक. चाल दुसऱ्याची असते. ती पंधरा-सोळा वादकांत वाटून कोणी, कुठे, काय वाजवायचं ते हा लिहून देतो.

1949मध्ये बिली हॉलिडेबरोबर ती दक्षिणेकडच्या राज्यांत दौऱ्यावर गेली. तिथे वर्णभेद कडक होता, श्रोते फिरकेनात आणि दौरा फसला. बँडबरोबरच्या प्रवासात बाई म्हणून सोसाव्या लागलेल्या अत्याचारांबद्दलही ती पुढे मुलाखतींतून बोलली. तिने ट्रॉम्बोन बाजूला ठेवला आणि शिक्षण खात्यात नोकरी धरली.

1956मध्ये डिझी गिलेस्पीने तिला परत बोलावलं. अमेरिकी सरकारच्या वतीने त्याचा बँड इराण, पाकिस्तान, तुर्कस्तान अशा देशांच्या दौऱ्यावर निघाला होता. बाईला कशाला आणलं, अशी कुरकुर वादकांत सुरू झाली. मेल्बाने वाद घातला नाही. स्वतः लिहिलेल्या स्वरलिपीचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते वाजवून झाल्यावर कुरकुर थांबली.

नेतृत्व तिचं आणि नावही तिचं, असा अल्बम मात्र एकच निघाला, 1958मध्ये ध्वनिमुद्रित झालेला. बाकीचं आयुष्य दुसऱ्यांचं संगीत सजवण्यात गेलं. पियानोवादक रँडी वेस्टनच्या ‘उहुरू आफ्रिका’चं संयोजन तिचंच. साल 1960, आफ्रिकेतले 17 देश स्वतंत्र झाले ते वर्ष. 1964मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने या तबकडीवर बंदी घातली.

सत्तरच्या दशकात तिने जमैकात संगीत शिकवलं. 1985मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. मग ती संगणकाच्या मदतीने स्वरलिपी लिहू लागली आणि 1991मध्ये पुन्हा वेस्टनसाठी संयोजन केलं. 1999मध्ये ती गेली.

खरं सांगतो, वेस्टनचं ते संगीत मी कित्येक वर्षं ऐकत होतो आणि त्यातली सगळी करामत त्याचीच, असं समजत होतो. एकदा वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचला, तेव्हा मेल्बा भेटली. तेव्हापासून गाणं कुठलंही असो, संयोजक कोण, ते मी आधी पाहतो. तुम्हीही पाहा.