वळवाचा पहारा
आभाळाचे दफ्तर : लेखांक सातवा

मागील लेखांकात चैत्र-वैशाखातील उष्म्याची चर्चा करताना चिकलठाण्याच्या वेधशाळेतील पारा दिवसच्या दिवस चाळिशीच्या आसपास कसा रेंगाळतो, आणि भूमीने दिवसभर घेतलेली उष्णता रात्रभर कशी परत केली जाते, हे आपण पाहिले. त्या उष्णतेचा काही भाग एखाद्या दुपारी अकस्मात उंच आकाशात चढतो आणि तासा-दोन तासांत धूळ, वारा, वीज, पाणी व क्वचित गारा यांच्या रूपाने भूमीवर परततो. या वळवाच्या वादळाचा विचार आज करावयाचा आहे. मोसमी पावसाचे स्वरूप एखाद्या विस्तीर्ण राज्यकारभारासारखे असते, त्याच्या आगमनाची इत्तिला काही दिवस आधी मिळते आणि त्याचा अंमल जिल्हेच्या जिल्हे व्यापतो. वळवाचे तसे नाही. त्याचा मुलूख एखाद्या महसूल मंडळाएवढा आणि मुदत एखाद्या प्रहराहूनही अल्प. म्हणूनच त्याच्या बाबतीत भाकिताचा वाटा थोडा आणि पहाऱ्याचा वाटा मोठा असतो, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

केवळ ऊन कडक पडले म्हणून वळीव येत नाही. तसे असते तर संभाजीनगरावर वैशाखातील प्रत्येक सायंकाळी मेघगर्जना झाली असती. उष्णतेच्या जोडीला आर्द्रता लागते, आणि त्या दोघींना वर ढकलणारे काही निमित्त लागते. मार्च ते मे या काळात मराठवाड्यावर वायव्येकडून येणारे कोरडे, तप्त वारे आणि बंगालच्या उपसागरावरून वळून येणारे दमट वारे यांची गाठ पडते. ही गाठ जेथे पडते तेथे विदर्भ वा मराठवाड्यापासून दक्षिणेस तामिळनाडूच्या अंतर्भागापर्यंत कमी दाबाची एक लांबट पट्टी पुष्कळदा तयार होते. हवामान खात्याच्या निवेदनांत ‘द्रोणीय स्थिती’ या भारदस्त नावाने वावरते ती हीच. ही पट्टी पूर्वेस सरकली तर आपल्या वाट्यास केवळ लू येते. पश्चिमेस सरकली तर दमट हवा पैठण-गंगापुरापर्यंत येऊन पोहोचते आणि रंगभूमी सिद्ध होते.

ही आर्द्रता आली किंवा नाही हे ओळखण्याचे एक साधन या शहरात घरोघरी आहे, मात्र त्याची गणना कोणी उपकरणांत करीत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, कारण त्यातील पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते. ज्या दिवशी तापमान तेवढेच असूनही कूलर नुसताच घरघरतो आणि अंगावरील घाम वाळत नाही, त्या दिवशी हवेतील बाष्प वाढलेले असते. वेधशाळेतील निरीक्षक कोरडा आणि ओला असे दोन तापमापक शेजारी-शेजारी ठेवून जी गोष्ट अंशांत मोजतो, तीच ही.

या दोन तापमापकांवरून दवबिंदू काढता येतो, आणि दवबिंदूवरून ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा ठोकळ हिशेब मांडता येतो. हवेचे तापमान व दवबिंदू यांतील प्रत्येक अंशाच्या अंतरामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. मे महिन्यातील एखाद्या दुपारी तापमान ४० अंश आणि दवबिंदू १५ अंश असेल, तर अंतर २५ अंशांचे झाले आणि ढगाचा तळ जमिनीपासून तीन किलोमीटरांहूनही वर गेला. मराठवाड्यातील वळवाचे सारे चारित्र्य या एका आकड्यात साठलेले आहे, असे मला वाटते. एवढ्या उंचीवरून निघालेला थेंब खालच्या तापलेल्या, कोरड्या हवेतून येताना वाटेतच विरू लागतो. क्षितिजावर ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झालरी दिसतात, पण त्या भूमीस टेकत नाहीत. बाष्पीभवनाने मात्र ती हवा थंड व जड होते आणि वेगाने खाली कोसळून चोहोबाजूंस पसरते. म्हणून आपल्याकडे पाण्याआधी धूळ येते, पुष्कळदा पाण्याऐवजी धूळच येते, आणि पत्रे उडाले, कैऱ्या गळाल्या, कांद्याच्या चाळी आडव्या झाल्या अशा बातम्या ज्या गावांतून येतात तेथील पर्जन्यमापकात पाणी नाममात्र सापडते.

वाऱ्याचा हा झोत किती घातक असू शकतो याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी वादळात मंदिराच्या पत्र्याच्या निवाऱ्यावर कडुनिंबाचे झाड कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा जणांचे प्राण गेले. दोन्ही ठिकाणी संहारक ठरला तो वारा.

मेघगर्जनेच्या ढगाची अंतर्रचना जगाला नीट उमगून फार काळ लोटलेला नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ व १९४७ साली, अमेरिकेत प्रथम फ्लोरिडात व नंतर ओहायोत वैमानिकांनी मुद्दाम अशा ढगांत विमाने घातली, आणि बायर्स व ब्रॅहम या संशोधकांनी त्या निरीक्षणांवरून ढगाच्या आयुष्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्यात हवा केवळ वर जाते. दुसऱ्यात वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन्ही प्रवाह एकाच वेळी नांदतात, आणि गर्जना, वीज, पाऊस हे सारे त्याच टप्प्यातले. तिसऱ्यात खाली येणारा गार प्रवाह ढगाचा पुरवठाच तोडून टाकतो. एका ढगाचे हे आयुष्य बहुधा तासाभरात आटोपते. परंतु त्याने पसरविलेली थंड हवा शेजारच्या उष्ण हवेखाली शिरून तिला उचलते व तेथे नवा ढग जन्मास येतो. यामुळे फुलंब्रीवर विझलेले वादळ थोड्याच वेळात सिल्लोडकडे पुन्हा उभे राहिल्याचे दिसते. ते जुनेच वादळ चालत गेले असे आपण म्हणतो. खरे पाहता तो त्याचा वारस असतो.

आता अंदाजाकडे येऊ. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग पाडले असून मराठवाडा हा त्यांपैकी एक. त्याच्या जिल्ह्यांचे इशारे मुंबईच्या प्रादेशिक कचेरीतून निघतात. चार-पाच दिवस आधी निघणारा इशारा पिवळा असो वा नारिंगी, तो एवढेच सांगू शकतो की या जिल्ह्यात त्या दिवशी सामग्री जमलेली असेल. अमुक गावावर अमुक वाजता, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तापलेल्या कढईत ज्वारीचे दाणे टाकले म्हणजे लाह्या फुटणार हे निश्चित, पण पहिला कोणता दाणा उडेल हे सुगरणीलाही सांगता येत नाही. अडचण नेमकी तीच. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द वाचून अनेकांना खाते अंग चोरून बोलत असल्याचा भास होतो. वस्तुतः उपविभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तेव्हा ते शब्द योजावयाचे, असा ठरलेला शिरस्ता आहे. अडीच मिलिमीटरांहून कमी पाणी पडल्यास तो पावसाचा दिवसही धरला जात नाही. चार गावांपैकी तीन कोरडी राहिली म्हणजे अंदाज चुकला, असे जे चावडीवर ठरते, ते ठरविणाऱ्याने इशारा पुरता वाचलेलाच नसतो.

जसजशी घटका जवळ येते तसतसा अंदाज आखूड होतो आणि अचूकही. सकाळी वातावरणात सोडलेल्या फुग्यांवरून वरच्या थरांतील वाऱ्यांचा व उष्णतेचा अंदाज घेतला जातो. दुपारनंतर उपग्रहाची चित्रे आणि रडार यांच्या आधारे पुढील तीन तासांपुरता तात्कालिक इशारा जिल्हानिहाय निघतो. वळवाच्या बाबतीत खरी किंमत या शेवटच्या इशाऱ्याची. मात्र येथेच आपल्या शहराची एक उणीव लक्षात घ्यावी लागते. सोलापूरचे रडार आपल्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर, तर मुंबईचे त्याहूनही दूर. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी मात्र वाकलेली आहे, त्यामुळे एवढ्या अंतरावर पोहोचेतो तो किरण जमिनीपासून सहा किलोमीटरांच्या आसपास उंच गेलेला असतो. त्याला आपल्या ढगाचे मस्तक दिसते. ज्या तीन किलोमीटरांत आपले घातक वारे जन्मतात ते त्याच्या नजरेखालून निसटतात.

येथील विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर डॉप्लर रडार बसविले गेले होते खरे, २०१५ साली आणि पुन्हा २०१९ साली. परंतु ते कृत्रिम पावसाच्या प्रयोगांसाठी, म्हणजे फवारणीस योग्य ढग हुडकण्यासाठी. पाऊस पाडावयाच्या ढगाचा शोध घेण्यास रडार तातडीने येते आणि माणसे मारणाऱ्या ढगावर नजर ठेवण्यास येत नाही, हा आपल्या राज्यकारभाराचा एक चमत्कारिक क्रम होय. म्हैसमाळच्या पठारावर कायमचे रडार उभारण्याची योजना अलीकडच्या काही वर्षांत जाहीर झाली आहे. सुमारे हजार मीटर उंचीच्या त्या जागेची निवड भूगोलाच्या दृष्टीने उत्तम आहे, यात संशय नाही.

विजेच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ बरी आहे. वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही उत्सर्जित होतात. जुन्या रेडिओवर मध्यमलहरींचे केंद्र ऐकताना दूरच्या वादळाची जी खरखर ऐकू येई, ती याच लहरींची. एकाच लहरीची नोंद अनेक केंद्रांवर नेमक्या कोणत्या क्षणी झाली याची तुलना केल्यास वीज कोठे चमकली हे गणिताने काढता येते. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने या तत्त्वावर देशभर संवेदकांचे जाळे उभारले असून ‘दामिनी’ हे तिचे भ्रमणध्वनीवरील ॲप आपल्या स्थानाभोवती वीस व चाळीस किलोमीटरांच्या परिघात चमकणाऱ्या विजांची वार्ता देते. देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावतात, हे ध्यानी घेता हे ॲप शेतावरच्या प्रत्येक माणसाजवळ असावे असे वाटते. पण आखाड्यावर दुपारी मोबाईलला रेंज आणि बॅटरी दोन्ही असतीलच, असे धरून चालता येत नाही.

म्हणून डोळ्यांचा पहारा सुटत नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास मध्यम उंचीवर लहान-लहान ढगांची ओळ दिसली आणि त्यांचे माथे बुरुजांप्रमाणे वर आलेले असले, तर वरच्या थरांत अस्थैर्य आहे असे समजावे. शास्त्रीय परिभाषेतही त्यांना दुर्गाकारच म्हणतात. दुपारी अजिंठ्याच्या रांगांवर किंवा दौलताबादेच्या पलीकडे ढग रचू लागले म्हणजे त्यांच्या कडांकडे पाहावे. कड ठसठशीत आहे तोवर ढग वाढत आहे. माथा तंतुमय होऊन ऐरणीसारखा पसरू लागला म्हणजे तेथील पाण्याचे हिमकण झाले. चैत्रात ही ऐरण बहुधा पूर्वेकडे लांबते, कारण त्या उंचीवर पश्चिमेचे वारे अजून टिकून असतात. जमिनीवरील वाऱ्यावर मात्र विसंबू नये. वाढणारा ढग भोवतालची हवा आपल्याकडे ओढतो, त्यामुळे वारा आपल्या पाठीमागून ढगाकडे जात असतो आणि वादळ दूर चालले आहे असा भ्रम होतो; मग वारा पडतो, आणि काही क्षणांत उलट दिशेने गार झोत येतो. तो आला म्हणजे पाहण्याची वेळ संपली, आसऱ्याची आली.

सहदेव-भाडळीच्या परंपरेतील आडाखे आणि नक्षत्रांचा हिशेब यांविषयी वाचकांना कुतूहल असेलच. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत आणि ७-८ जूनला मृगात प्रवेश करतो. या पंधरवड्यात मराठवाड्यावर गडगडाट वाढतो हा अनुभव खरा आहे. परंतु तो ऋतूचा अनुभव झाला. उद्या सायंकाळी वैजापुरावर काय होईल, हा प्रश्न त्या परंपरेला विचारणे तिच्यावरही अन्यायाचे आहे.

वीज आणि गर्जना यांमधील सेकंद मोजून त्यांस तीनने भागले असता वीज किती किलोमीटरांवर पडली ते कळते; हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले म्हणजे उघड्यावर थांबू नये, आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखालचा आसरा सर्वांत वाईट. पक्के घर किंवा बंद काचांची, धातूच्या टपाची मोटार चांगली. चारी बाजूंनी उघडे पत्र्याचे छप्पर नव्हे. विजेचा प्रवाह भूमीत पसरताना दोन पावलांमधील अंतरामुळे शरीरातून वाहतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठे असल्यामुळे जेथे माणूस वाचतो तेथे जनावर मरते. झाडाखाली बांधलेली बैलजोडी आभाळ भरून येण्याआधीच सोडावी, हे त्यामुळे.

नोंदीविषयी एक बारकावा राहिला. पर्जन्यमापकातील पाणी सकाळी साडेआठला मोजण्याचा रिवाज असल्यामुळे मंगळवारी सायंकाळी पडलेला वळीव दफ्तरात बुधवारच्या तारखेस चढतो. दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रे आली असली, तरी नुकसानीचा पंचनामा करणारा तलाठी, शेतकऱ्याने सांगितलेला वार आणि पर्जन्याच्या तक्त्यातील तारीख यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही तो एवढ्याचमुळे. अर्जात वादळाची वेळ तासासकट लिहावी.

पुढील लेखांकात गारांचा, विशेषतः २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर कोसळलेल्या गारपिटीचा विचार करू.