राणीछाप रुपये: घासू नका, आधी तोला!



भारतवारी करून आलेली माणसं मला हमखास विचारतात, "घर आवरताना आजीच्या डब्यात राणीछाप रुपये मिळाले, किती डॉलर येतील हो?" मी नाणी जमवतो हे जगजाहीर झाल्याचा हा परिणाम! म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं पथ्य: चिंच, राखुंडी, पीतांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. चांदीवरची काळपट झाक म्हणजे नाण्याचं वय. घासलं की बारीक चरे पडतात, आणि संग्राहकाच्या लेखी किंमत धाडकन खाली येते. दागिन्यासाठी लावलेल्या कडीची खूण असेल तरी तेच.

दुसरं, झीज. राणीचा गाल, कानावरचे केस, पोशाखाची नक्षी हे उंचवटे आधी झिजतात, तेव्हा भिंगातून तेच बघा. कॅटलॉगमधल्या 'फाइन' या शब्दावर भुलू नका. वाचायला छान वाटतो, पण ते नाणं चांगलंच झिजलेलं असतं. त्याच्या वर 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन' आणि सगळ्यात वर न वापरलेलं, 'अनसर्क्युलेटेड'.

तिसरं, खरं-खोटं. जुना चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात ९१.७ टक्के चांदी. (१९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच, आणि १९४७ चा तर निकेलचा.) पण नकली नाणंही वजनाला बरोबर असू शकतं. मग पाण्याची परीक्षा घ्यायची. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा कप ठेवून आकडा शून्य करा, आणि नाणं दोऱ्याने पाण्यात असं बुडवा की ते तळाला टेकणार नाही. खऱ्या रुपयाला साधारण १.१३ ग्रॅम दिसेल. तांब्या-निकेलच्या नकलेला १.३ च्या आसपास, कारण हलक्या धातूत तेवढंच वजन भरायला नाणं जाड करावं लागतं. कडेवर सांध्याची रेघ दिसली तर समजा, ओतीव काम!

मध्यंतरी इथल्या एका काकूंचे सात रुपये असे तपासले. सहा खणखणीत, सातवा १.३. काकू म्हणाल्या, "राहू दे, सासूबाईंच्या हातचा आहे." मला ते पटलं.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि मागे रामदरबार असलेलं 'नाणं' कोणी लाखाला विकत असेल तर हात जोडा. कंपनीने असं चलन कधी काढलंच नाही. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होनही अतिशय दुर्मीळ आहे, तो जत्रेत मिळत नाही. तांब्याची शिवराई मात्र सामान्य माणसाला परवडते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही. मग ते आजीचं असो की बाजारातून घेतलेलं. व्हिक्टोरिया राणीचे सगळेच रुपये यात आले. तेव्हा बॅगेत टाकण्याआधी विचार करा. भावाकडे, बहिणीकडे डब्यात नीट राहू द्यात, सोबत कोणाचे होते ते चिठ्ठीवर लिहून ठेवा.

पुढच्या भारतवारीत मुंबईत फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय मुलांना जरूर दाखवा. खरं नाणं कसं असतं ते एकदा डोळ्यात बसलं की फसवणूक अवघड जाते.