अण्णांच्या हातची भिंत

आमच्या भागात कुणाला वय विचारलं तर तो साल सांगत नाही. ‘भूकंपात मी मायच्या कडेवर होतो,’ असं सांगतो. लग्न, विहीर, बैलजोडी, भावकीतली वाटणी, सगळं भूकंपाच्या आधीचं नाहीतर नंतरचं. मी सातवीत होतो. गाव सास्तूरच्या बाजूचं, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. वडील गवंडी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून यायला फार रात्र झाली. घरी गेलो तर अण्णा रागावतील म्हणून मी मारुतीच्या पारावरच आडवा झालो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमिनीखालून ट्रॉलीभर दगड ओतल्यासारखा आवाज आला आणि पारावरून मी खाली फेकला गेलो. वर पौर्णिमेच्या तोंडचं चांदणं होतं, पण क्षणात एवढा धुरळा उठला की समोरचं देऊळ दिसेना. मिनिटभराचाही खेळ नव्हता. धुरळा खाली बसायच्या आधीच हाका सुरू झाल्या.

अण्णा आणि माय दारापाशी झोपले होते, ते निघाले. माझी धाकटी बहीण आजीच्या कुशीत होती, आतल्या भिंतीला लागून. दोघी दुपारी सापडल्या. पुढे पाऊस लागला आणि चितेला कोरडं लाकूड मिळेना, म्हणून लोकांनी पडलेल्या घरांची दारं आणि तुळया जाळल्या.

त्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे ८,००० माणसं गेली. ५२ गावं पुढं नव्या जागी वसवावी लागली. धक्का होता ६.४ रिश्टरचा. एवढ्या धक्क्यानं एवढी माणसं का मेली, हे मला अण्णांमुळे कळलं, आणि तेच इथं सांगायचं आहे.

आमच्याकडची घरं काळ्या दगडाची, मातीत बांधलेली. भिंत दोन-दोन हात रुंद. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या तोंडाला एक थर, आतल्या तोंडाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड मध्ये मध्ये घालायला हवा. तो घडवायला वेळ लागतो, मजुरी वाढते, म्हणून तो घालणं कधीच सुटलं होतं. वर लाकडी खणांचं माळवद, त्यावर पांढरी माती. दर उन्हाळ्यात पाणी गळू नये म्हणून आणखी एक थर. पिढ्यान्‌पिढ्या टाकत गेलेली ती माती कुठं कुठं हात-दीड हात जाड झाली होती. घर हललं तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, पोट फुटल्यासारखे ढासळले, आणि सगळा दगड, सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. आमच्या गावात कुडाच्या खोपटात राहणारे बहुतेक वाचले. ज्याची भिंत रुंद, त्याच्या घरची माणसं जास्त गेली. गावाच्या मनाला हे आजही झेपलेलं नाही, कारण रुंद भिंत हीच आमच्याकडे अब्रू होती.

आमच्या आळीतली चार घरं अण्णांच्या हातची होती. पाचवं आमचं.

ते वर्षभर कुणाशी धड बोलले नाहीत. थापी आणि ओळंबा पोत्यात बांधून पत्र्याच्या शेडच्या आढ्याला टांगून ठेवला. कुणी त्यांना दोष दिला नाही. भूकंपाला कोण काय करणार, असंच सगळे म्हणत. १९९२च्या पावसाळ्यानंतर किल्लारीला छोटे धक्के बसतच होते, पण आपला भाग देशाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, दख्खनचा खडक हलत नाही, अशी शिकलेल्यांचीही समजूत होती. तो नकाशा २००२मध्ये बदलला.

इकडे भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारचं पुनर्वसनाचं काम सुरू झालं. जी घरं पडली नव्हती त्यांच्यासाठी ‘दुरुस्ती आणि मजबुतीकरण’ अशी योजना आली, आणि गवंड्यांना शिकवायला इंजिनिअर आले. मायनं अण्णांना ढकलून पाठवलं. माळवदावरची माती कशी उतरवायची, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई टाकून काँक्रीट कसं भरायचं, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना एकच पट्टा कसा फिरवायचा, खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरपं लाकूड कसं ठोकायचं, हे सगळं त्यांनी खाली मान घालून ऐकलं. शेवटी एकच विचारलं, ‘हे आधी कुणी का सांगितलं नाही?’ इंजिनिअर तरुण होता. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पोतं खाली काढलं. त्यानंतर त्यांनी किती घरं बांधून-सावरून दिली याचा हिशेब आमच्याकडे नाही. मजुरी कमी दिली तरी चालायची, पण आरपार दगडाला मालक नको म्हणाला तर काम सोडून यायचे.

माझी मावशीही त्याच काळात बदलली. डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ती बाई गावात ‘संवाद सहायक’ झाली. बायकांना बोलवायची, घराच्या कामात सिमेंट किती पडलं, पट्टा फिरवला का, हे विचारायची. २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आमच्याकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या. मावशीला जाता आलं नाही, त्याची खंत ती अजून बोलून दाखवते.

नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद आहेत. घरं जमिनीच्या मापानं मिळाली. शेजार मात्र विस्कटला. जुन्या आळीत दारात बसलं की चार घरांशी बोलणं व्हायचं, इथं हाक पोचत नाही. माय सत्तरीच्या पुढं आहे. आजही ती भिंतीकडे डोकं करून झोपत नाही, दाराला कडी लावू देत नाही आणि उशाखाली बॅटरी ठेवते. चारच्या सुमाराला उठून बसते. माझ्या मुलांना वाटतं, आजीला झोप येत नाही.

अण्णा गेले त्याला सहा वर्षं झाली. बहिणीचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. पण कुठल्याही गावात कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी भिंतीवर हात फिरवायचे आणि माळवदावर माती किती, ते विचारायचे. लोकांना ते विचित्र वाटायचं. मला ते रडणंच वाटायचं.

तुमच्या गावाकडे दगडमातीचं जुनं घर असेल, तर यंदा माळवदावर नवी माती टाकू नका, जुनी उतरवून घ्या. भिंतीनं पोट काढलं असेल तर जाणता गवंडी बोलवा आणि भिंतीत आरपार दगड आहे का, एवढं त्याला विचारा. तोपर्यंत लेकरांना त्या भिंतीशी झोपवू नका.